मन्मथआप्पांचे दोन तक्ते

मी केंद्रात रुजू झाले त्या सकाळी मन्मथआप्पा हलग्यांनी मला विचारलं, "बाई, मेलेल्या मानसासंगं बोलायला भ्या वाटतं का तुमाला?"

मला नोकरीची गरज होती. मी "नाही" म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि एका कपाटाएवढ्या यंत्रासमोर मला बसवलं. बटण दाबलं. आतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली, बराच वेळ चालली, आणि मग समोरच्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली. लिपी इंग्रजी, भाषा मराठी. 'कोण आहे?'

"नाव लिवा," आप्पा म्हणाले आणि स्वतः दोन पावलं मागं सरकले.

मी नाव लिहिलं. 'बियाणे वाळवले का?' मी आप्पांकडं पाहिलं. "व्हय म्हना." मग 'थंड खोलीचे दार लावले का?' "तेबी व्हय म्हना. मी आत्ताच लावून आलो." मग अक्षरं गेली आणि वाणांची यादी आली.

"ह्या शांताबाई," आप्पा म्हणाले. "इथून म्होरं ह्यांच्या संगं तुमचं काम."

शांता वाघमारे मी येण्याच्या आदल्या वर्षी कावीळ होऊन गेली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली. केंद्रातलं संगणकाचं काम तिनं एकटीनं उभं केलेलं होतं. केंद्र म्हणजे एका विश्वस्त संस्थेचं बियाणे संशोधन केंद्र, परभणीहून जिंतूर रस्त्याला. मी बोरीहून एस.टी.नं यायची, फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं. गावोगावच्या रब्बी ज्वारीचे हजाराच्या वर वाण तिथं कागदी पाकिटांत भरून थंड खोलीत ठेवलेले होते. कोणता वाण कुठल्या गावचा, कुणी दिला, कधी पेरून ताजा केला, आज कोणत्या फळीवर आहे, हे सगळं शांताबाईंच्या प्रोग्रामला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही. प्रोग्रामचे छापील कागद तिनं नीट बांधून ठेवले होते, पण ती गेली त्याच पावसाळ्यात वाळवीनं गठ्ठा आतून खाऊन टाकला. वरचा पुठ्ठा तेवढा शाबूत राहिला. म्हणजे प्रोग्राम चालायचा, उत्तरं द्यायचा, पण त्याच्या पोटात काय लिहिलंय हे वाचू शकेल असं माणूस उरलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात एकदा मी घाईत होते. थंड खोलीच्या दाराचा प्रश्न आला, मी न बघताच 'हो' ठोकून दिलं. काचेवर आलं, 'खरेच?'

हा प्रश्न मी आधी कधी पाहिला नव्हता. उठून खोलीकडं गेले. दार बोटभर उघडं होतं. ते लावून घेतलं. परत येऊन आप्पांना सांगितलं, तर ते नट आवळता आवळता म्हणाले, "उत्तर लई लौकर आलं की त्या फिरून इचारतात. दाराकडं जाऊन यायला जेवढा येळ लागतो, तेवढा त्यांनी मोजून ठिवलाय."

त्या दिवसापासून मीही तिला 'शांताबाई' म्हणायला लागले. "शांताबाईंना विचारून सांगते." "शांताबाई आज बोलत नाहीत, वीज कमी आहे." केंद्रात याचं कुणाला हसू यायचं नाही.

आप्पा तेव्हा पन्नाशीच्या पुढं होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात सदऱ्याच्या आत लिंग, खिशात चष्म्याचं घर, आणि त्या घरात स्क्रू-ड्रायव्हर. चष्मा तर कायम नाकावरच असायचा. कागदोपत्री ते केंद्राचे वीजतंत्री. चुडाव्याच्या पलीकडच्या एका गावात त्यांच्या वडलांचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या कोपऱ्यात रेडिओ दुरुस्त करत त्यांची चाळिशी उलटली होती. मग एकाएकी दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून ते इथं नोकरीला आले. का, ते कुणी विचारत नसे. संगणकाचं त्यांचं शिक्षण म्हणजे यंत्रासोबत आलेली पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं. ती त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ओळन् ओळ वाचली होती. काही पानांवर त्यांच्या बाजूला शांताबाईंचंही अक्षर होतं. त्यांचं गोल, तिचं उभट.

एक दोनशे पानी वही ते जिवापाड जपायचे. यंत्रात काहीही बदललं, अगदी एक तार जरी, की तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या. काय बदललं, का बदललं, आणि बिघडलं तर मागं कसं यायचं. मला म्हणायचे, "नवं करू नका असं कोन म्हनतंय? खुशाल करा. पर मागचं मोडलं की त्याचा आवाज येत न्हाई, बाई. म्हून भ्यावं."

आणखी एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. जानेवारीत केंद्रात हुरडा निघायचा. बांधावर आगटी पेटायची, शेतावरच्या बाया कणसं चोळायच्या, संचालकसाहेबसुद्धा गोवऱ्यांच्या धुरात मांडी घालून बसायचे. आप्पा नसायचे. वास सुटला की ते उठून थेट जिंतूर रस्त्यावर जायचे आणि तासा-दीड तासानं यायचे. मी एकदा द्रोणात हुरडा घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो द्रोण दोन्ही हातांनी उचलला, खिडकीबाहेर ठेवला आणि हात धुऊन आले. शेतावरच्या गयाबाई मला म्हणाल्या, "आप्पास्नी सोसत न्हाई ते. नगा देत जाऊ."

एकोणनव्वद साली ते कपाटाएवढं यंत्र मरायला टेकलं. सुटे भाग मिळेनात. संचालकसाहेबांनी टेबलावर मावेल असा नवा संगणक आणला. विकणारा म्हणाला, जुनं विसरा, प्रोग्राम नव्यानं लिहून घ्या. पण काय लिहायचं? शांताबाईंनी कोणत्या गोष्टी कशा ताडून पाहिल्या होत्या, कुठं कुठं 'खरेच?' लपवून ठेवलं होतं, हे कुणाला माहीत होतं?

आप्पा म्हणाले, "प्रोग्रामला हात लावायचा न्हाई. त्यांला वाटू द्या की आपली जुनीच मशीन हाय."

दीड वर्ष ते त्यावर बसले. नव्या संगणकाच्या पोटात त्यांनी जुनं यंत्र उभं केलं. लोखंडाचं नव्हे, नुसतं लिहिलेलं. जुन्या यंत्राला जी जी आज्ञा कळायची ती याला कळायची आणि उत्तरही तसंच यायचं. आज याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि मोठमोठ्या कंपन्या त्यावर चालतात. आप्पा त्याला सोंग म्हणायचे. "सोंगात चूक झाली की वळखू येतं. त्यातून आपल्या शांताबाईंची नजर बारीक."

ती किती बारीक होती ते पहिल्याच दिवशी कळलं. सगळं जोडून आप्पांनी सोंग सुरू केलं. घरघर नव्हती, नुसती शांतता. काचेवर अक्षरं आली, 'यंत्र ओळखीचे नाही.'

आप्पा उभे होते ते तसेच खाली बसले, जमिनीवर. बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मला वाटलं, दीड वर्षाचं काम वाया गेलं म्हणून असेल. तेवढ्यासाठी माणसाचा चेहरा असा होत नाही, हे मला पुढं समजलं.

कारण साधं निघालं. जुन्या यंत्रात एका चिपमध्ये एक तक्ता कायमचा कोरलेला होता. आठ ओळींचा. यंत्राजवळ स्मृती किती, छपाईयंत्र कुठं, वाणांची यादी डिस्कच्या कोणत्या भागात, तिची गेल्या वर्षीची नक्कल कोणत्या भागात, असं. प्रोग्राम जागा झाला की आधी हा तक्ता वाचायचा, ओळी मोजायचा, आकड्यांची बेरीज ताडून पाहायचा, आणि मगच 'कोण आहे?' म्हणायचा. आप्पांनी तक्ता हुबेहूब उतरवला होता, फक्त नव्या छपाईयंत्रासाठी खाली नववी ओळ जोडली होती. शांताबाईंना आठच ओळी माहीत होत्या. नऊ पाहिल्यावर त्या मागं फिरल्या.

"मग नववी ओळ काढून टाकायची," मी म्हटलं.

"आन् नवीन छपाईयंत्र? उद्या आनखी काय काय येईल, तेला कुठं ठिवता?" आप्पांनी दोन दिवस विचार केला. मग दोन तक्ते केले. जुन्या रीतीनं जो विचारेल त्याला पहिला तक्ता: आठ ओळी, आकडे तेच, क्रम तोच, बेरीज तीच, कधीही न बदलणारा. दुसरा तक्ता त्याच्या मागं, नव्या वस्तूंसाठी. तो आहे हे फक्त नव्या प्रोग्रामांना ठाऊक. त्यांनी मुद्दाम मागितला तरच मिळायचा. दुसऱ्यात हवी तेवढी भर घाला, पण तीही शेवटी, मध्ये नाही.

पुन्हा सुरू केलं. 'कोण आहे?' आलं. आप्पा दोन पावलं मागं सरकले आणि मला म्हणाले, "नाव लिवा." त्यांनी स्वतःचं नाव तिथं लिहिलेलं मी त्या दिवशीही पाहिलं नाही, नंतरही कधी नाही.

जवळपास वर्षभर बरं गेलं. नवे प्रोग्राम आले, नवं छपाईयंत्र लागलं, आणि शांताबाईंना त्यातलं काही कळलं नाही.

एक्याण्णवच्या भाद्रपदात आप्पांच्या मंडळींचं पोटाचं ऑपरेशन निघालं. ते महिनाभर सोलापूरला दवाखान्यात होते. नेमक्या त्याच वेळी संचालकसाहेबांनी कुलथे नावाच्या एका अभियंत्याला बोलावलं. नवी मोठी डिस्क बसवायची होती. मुलगा हुशार आणि अदबशीर. त्याला दोन तक्ते दिसले. एकाच यंत्राचे दोन तक्ते कशाला, म्हणून त्यानं दोन्हींचा एक केला. नव्या डिस्कची ओळ जुन्या डिस्कच्या ओळींपाशी शोभते म्हणून मध्ये घातली आणि कामाच्या नाही वाटल्या त्या ओळी काढल्या, एक वरची, बाकी खालच्या. ओळी पुन्हा आठ. बेरीजही त्यानं जुळवून दिली. चुकीची बेरीज दिली असती तर शांताबाई अडल्या असत्या. त्यानं ती बरोबर दिली.

'कोण आहे?' आलं. मी नाव लिहिलं. सगळं नेहमीसारखं.

रब्बीची पेरणी तोंडावर होती. पाकिटांवर लावायच्या चिठ्ठ्या छापून निघाल्या. प्रोग्राम यादीची जागा समजून ज्या ओळीकडं बघत होता, ती आता एक घर सरकली होती. त्याला आजची यादी मिळतच नव्हती, गेल्या वर्षीची नक्कल मिळत होती. तो मुकाट्यानं तीच छापत राहिला, फळीवर यंदा कोणता वाण आहे ते न बघता. त्यातही जे चाळीसेक वाण, काही जुनेसुद्धा, यंदा नव्या फळीवर नोंदवले होते, त्या फळीची नक्कल कुठून असणार? त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. मला वाटलं, शाईची फीत सुकली. मी त्या चाळीस चिठ्ठ्यांवर हातानं क्रमानं आकडे लिहिले आणि पाकिटांवर चिकटवल्या.

आप्पांची वही माझ्याच खणात होती. कुलथ्यांना ती दाखवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. हे लिहिताना मला आजही खाली बघावंसं वाटतं.

आप्पा आले तेव्हा पेरणी उरकली होती. रिकामी पाकिटं टोपलीत पडलेली. आप्पांनी सहज एक उचललं, तळाला राहिलेले दोन दाणे तळहातावर घेतले, चिठ्ठी वाचली, पुन्हा दाणे बघितले.

"बाई, ह्यो नंबर पांढऱ्या दान्याचा हाय. ह्यो तर पिवळा."

ते संगणकासमोर गेले. तक्ता उघडला. त्यांचा चेहरा मी बाजूनं पाहत होते. ते रागावले नाहीत, मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही.

मग तीन दिवस आम्ही दोघं, कुलथे आणि आप्पांचा चष्मा. आजची यादी आणि गेल्या वर्षीची यादी शेजारी ठेवून प्रत्येक चुकीचा आकडा खरा कोणता ते शोधत गेलो. कुलथे रडवेला झाला होता. "आप्पा, दोन तक्ते का आहेत हे कुठं लिहिलंच नव्हतं."

"वहीत लिवलंय."

"वही मला कुणी दाखवली नाही."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "मंग चूक वहीची. जिथं तक्ता हाय तिथंच लिवायला पायजे होतं." आणि दोन्ही तक्ते जागच्या जागी परत करून त्यांनी पहिल्याच्या डोक्यावर एक ओळ घातली, जी माणसाला दिसेल पण यंत्र वाचणार नाही: 'हा जुन्यांसाठी आहे. काढू नये.'

यादीतले सगळे वाण जुळले. मी हातानं लिहिलेले ते चाळीस मात्र जुळेनात. कोणतं पाकीट कोणत्या तासात, म्हणजे पेरणीच्या कोणत्या ओळीत, पेरलं गेलं, सांगायला काही उरलं नव्हतं. आप्पांनी त्या चाळिसांची नावं एकदा वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. वाण: मानवाकडी. देणाऱ्याचे नाव: वाघमारे. गाव: आप्पांचंच गाव.

"हे बी थंड खोलीत शिल्लक असंल," मी म्हणाले.

"न्हाई. जुनं उगवंना झालं होतं. होतं न्हवतं ते सगळं ह्या पाकिटात घातलं."

त्या हिवाळ्यात आप्पा रोज सकाळी घरून थेट शेतात जायचे. चाळीस तासं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोटरीतून कणसं बाहेर यायला लागली तसे ते दुपारीही जायला लागले. गयाबाई म्हणायच्या, "आप्पा काय हुडकायलेत, कुनाला म्हाईत." पाखरं उतरली की हे म्हातारं माणूस डबा वाजवत धावायचं.

एक दिवस टळटळीत दुपारी त्यांनी मला हाक मारली. बांधाकडच्या एका तासात काही कणसांनी मान टाकली होती. दांडा वळून कणीस खाली बघत होतं. बरीचशी पाखरांनी खाल्लेली, पण अकरा धड होती. आप्पा त्यांच्यासमोर उभे होते, हात न लावता.

"हीच," ते म्हणाले. "आमच्या गावात एकाच घरी व्हायची ही जवारी. शांताबाईच्या बापाच्या."

आम्ही कणसांना कागदी पिशव्या चढवायला लागलो. चौथी की पाचवी पिशवी बांधताना ते बोलायला लागले. माझ्याकडं पाठ होती.

"अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचं पेटलं, ठाऊक हाय न्हवं? तवा मी दुकानात एकटा. दुपारची येळ. गलका ऐकू आला, वस्तीकडं धूर. मी दार लावून घेतलं. जरा वेळानं दार वाजलं."

त्यांनी पिशवीची दोरी आवळून गाठ मारली. पुढची पिशवी घेतली.

"शांताबाईचा बाप. म्हनला, आप्पा, लेकरं पुढं गेल्यात, आमी बी निघालोत. हे बियाचं पोतं तेवढं आत घ्या. बी हाय आप्पा, दुसरं काय न्हाई. मी आतून कडी धरून हुबा. कोन हाय, असंबी म्हनलो न्हाई. ठाऊक होतं कोन हाय ते. बोललो असतो तर उघडावं लागलं असतं."

"मग?"

"मंग पाय वाजले. गेले. पोतं उंबऱ्यापशी तसंच. मागून आलेल्यांनी तेच पेटवलं. पोतंभर जवारी जळाली की कसा वास येतो, बाई? हुरड्याचा. सगळ्या गल्लीत हुरड्याचा वास. मी आत."

रस्त्यानं एक ट्रक गेला. मी कसंबसं विचारलं, "शांताबाईंना ठाऊक होतं?"

"सा वर्षं एका खोलीत काम केलं. तिनं कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. तिची मावशी सोनपेठकडं. तिच्या घरी आढ्याला एक कनीस टांगलेलं ऱ्हायलं होतं. ते तिनं आनलं. माज्यासमोर चोळलं, नंबर घातला, बापाचं नाव घातलं, गावाचं घातलं. मंग दाने माज्या पुढं सारले आन् म्हनली, आप्पा, मोजून घ्या. मी मोजले. फिरून मोजा म्हनली. फिरून मोजले." त्यांनी पुढचं कणीस हातात घेतलं. "ती गेली तवा मला वाटलं, आता कोन इचारनार न्हाई. आन् दुसऱ्या दिशी मशीन लावली."

पुढचं ते बोलले नाहीत. सांगायची गरजही नव्हती. मी तो प्रश्न रोज सकाळी पाहत होते.

अकरा पिशव्या बांधून झाल्यावर त्यांनी चिठ्ठ्या आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "नंबर तुमी लिवा," म्हणाले. मी लिहिले. त्यांनी अकराही चिठ्ठ्या वाचल्या आणि मान हलवली.

आप्पा चौऱ्याण्णवच्या जानेवारीत निवृत्त झाले. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न त्याच महिन्यात मिटला होता. परभणीत चौकाचौकांत निळे झेंडे होते, आणि काही घरांची दारं दिवसाही बंद होती. मानवाकडी दोन हंगाम पेरून थंड खोलीत भरपूर झाली होती. जाण्याआधी आप्पांनी रीतसर अर्ज केला: मूळ देणाऱ्याच्या वारसास दोन किलो बियाणे परत द्यावे. संचालकसाहेबांनी सही केली. वारस म्हणजे शांताबाईंचा धाकटा भाऊ, भीमराव. रेल्वेत गँगमन होता, चुडाव्याला.

"तुमी याल का संगं?" आप्पांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. फलाटावर माणसं तुरळक. भीमराव ड्यूटीवरून आला होता. हातात फावडं, खांद्यावर रुमाल. बहिणीच्या अक्षरासारखाच उभट हाडाचा. त्यानं मला नमस्कार केला, आप्पांना केला नाही.

आप्पांनी पिशवी पुढं केली. "तुज्या बापाची जवारी."

भीमरावनं पिशवी घेतली नाही. "कुठली?"

आप्पांनी सगळं सांगितलं. कडी, पोतं, वास. उभ्यानंच सांगितलं, आवाज न चढवता, एकही शब्द न गाळता. मला वाटतं, ते वाक्य न् वाक्य त्यांनी सोळा वर्षं तयार ठेवलं होतं.

भीमराव ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाबाला ठाऊक होतं तुमी आत हाय. कडी हालली होती म्हनायचा. मरस्तोवर म्हनायचा, कडी हालली होती, आप्पा उघडनारच होते."

आप्पांचा पुढं केलेला हात पिशवीसकट खाली आला.

"उघडनार होता का?" भीमरावनं विचारलं.

मी आप्पांकडं बघू शकले नाही. त्यांचा आवाज तेवढा आला. "न्हाई. घट्ट धरायलो होतो, म्हून हालली."

फावडं भीमरावनं भिंतीला लावलं. "शांताला सांगितलं हे?"

"न्हाई."

"सांगायला पायजे होतं."

"व्हय."

मग त्यानं पिशवी घेतली, सोडली, मूठभर दाणे काढून उन्हात धरले. तो लहान होता तेव्हा. त्याला हे दाणे आठवत असतील की नाही कोण जाणे. त्यानं खांद्यावरचा रुमाल पसरला, अर्ध्याच्या वर ज्वारी त्यात ओतली, गाठ मारली. उरलेली पिशवी माझ्या हातात दिली, आप्पांच्या नाही.

"ही तिकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "शांतानं तिथं ठिवली होती."

रुमालाचं गाठोडं बगलेत, फावडं खांद्यावर, असा तो रुळांच्या कडेनं गेला. मागं वळून पाहिलं नाही.

परतीची गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. "आप्पा, चला," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. भीमराव ज्वारी ओतत होता तेव्हा काही दाणे फलाटावर सांडले होते. आप्पा गुडघ्यावर बसून ते वेचत होते. चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे फरशीच्या अगदी जवळ. एक दाणा उचलायचे, तळहातावर ठेवायचे, पुन्हा वाकायचे. शिट्टी झाली. गाडी हलली. "आप्पा!" मी पुन्हा हाक मारली. त्यांनी फक्त मोकळा हात वर केला, तुमी व्हा पुढं म्हणून, आणि फरशीच्या फटीत नख घातलं.